घरी सोडा भरताना: वडगाव, बेळगाव इथल्या नोंदी

९ मार्च

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा पन्ह्यात सोडा घालायचा असं वहिनीनं ठरवलं. "बाटल्या किती आणायच्या? घरीच भरता येतो काय बघ की," म्हणाली. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, त्यामुळं घरात नळी, नट, वॉशर असलं काही निघालं की नाव माझंच.

यीस्टचा मार्ग पहिल्यांदाच बाद केला. साखर, आलं, चिमूटभर यीस्ट घालून बाटली बंद करून ठेवायची ही कृती सोपी आहे आणि गॅसही (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) भरपूर होतो. पण यीस्ट साखर खाऊन जेवढ्या वजनाचा गॅस सोडतं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचं अल्कोहोलही करतं. बाजारातल्या कडक सोड्यात लिटरला ८ ग्रॅमच्या आसपास गॅस असतो. तेवढा यीस्टनं आणायचा तर पेयात साधारण १ टक्का अल्कोहोल उतरणार. घरात बाबा माळकरी आणि पाहुण्यांत निम्मी पोरं. म्हणजे गॅस बाहेर तयार करायचा किंवा विकत आणायचा आणि पाण्यात दाबून बसवायचा. दुसरा मार्ग नाही.

१२ मार्च

दोन बाटल्यांची जोडणी केली. एकीत खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व, दुसरीत प्यायचं पाणी, मध्ये सलाईनची नळी. आधी व्हिनेगर वापरून बघितलं, पण त्याचा वास नळीतून पाण्यापर्यंत पोचतो, म्हणून लिंबूसत्वच.

हिशोब असा: १०० ग्रॅम खाण्याच्या सोड्याला ७५ ते ८५ ग्रॅम लिंबूसत्व लागतं (पुडीतल्या स्फटिकांत पाण्याचा अंश किती, त्यावर ठरतं) आणि त्यातून ५० ग्रॅमच्या आसपास गॅस निघतो. एका लिटरसाठी ३० ग्रॅम सोडा पुरतो. त्याहून जास्त एकदम घालू नका, बाटली बंद असते आणि गॅसला जायला जागा नसते.

आजचं अपयश झाकणाचं. झाकणाला भोक पाडून नळी घातली आणि भोवती इपॉक्सी पुटी लावली. पुटी दगडासारखी वाळली, पण गॅस सुटल्याबरोबर नळीसकट उडाली. या झाकणांच्या प्लास्टिकला साधी पुटी किंवा गोंद धरत नाही. तिथं निप्पल (आट्यांचा छोटा पोकळ तुकडा), दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आणि वर नट हेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पितळेच्या तुकड्यातून दोन निप्पल काढले. पितळ हाताशी होतं आणि लेथवर लोण्यासारखं निघतं, म्हणून. त्याचं पुढं काय झालं ते खाली येईल.

१६ मार्च

गळती बंद, गॅस जातोय, पाण्याला बुडबुडे आहेत. पण चव खारट आणि जरा साबणासारखी. सोडा-सत्वाचा फेस वर चढतो आणि त्याचे बारीक तुषार गॅसबरोबर नळीतून पाण्यात जातात. वर चढायला जागा राहावी म्हणून मोठी बाटली घेतली, थोडाच फरक पडला. खरा उपाय मधल्या तिसऱ्या बाटलीचा. ती अर्धी साध्या पाण्यानं भरायची, येणारी नळी पाण्याच्या तळाशी, जाणारी वर मोकळ्या जागेत. गॅस धुऊन निघतो. चव गेली. त्या बदल्यात सहा सांधे झाले आणि प्रत्येक सांधा गळायला मोकळा.

२३ मार्च

गॅस जातो पण थांबत नाही. बाटली उघडली की एकदा फुस्स, आणि ग्लासात ओतेपर्यंत सपक पाणी. मी दाब कमी पडतोय असं समजून खाण्याचा सोडा वाढवत होतो. कारण तिथं नव्हतंच. पाणी माठातलं होतं.

साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाणी ० अंशाला ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतं, १० अंशाला २.३, २० अंशाला १.७ आणि ३० अंशाला जेमतेम १.३. म्हणजे मार्चमधल्या आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी आणि फ्रीजच्या तळाशी रात्रभर ठेवलेलं पाणी, एवढ्यानंच गॅस दुप्पट होतो. माठातलं पाणी प्यायला गार लागतं, सोड्याला ते कोमटच.

पाण्याबद्दलही इथंच लिहून ठेवतो. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं ते हलकं आहे, चवीला चांगलं, पण क्लोरीनचा वास बुडबुड्यांबरोबर थेट नाकात जातो. बोअरचं पाणी जड, त्यात आमच्याकडच्या तांबड्या मातीतलं लोखंड. सोडा केल्यावर त्याची गंजकट चव जास्तच कळते. शेवटी नळाचं पाणी उकळून, झाकून गार करून वापरायला लागलो. उकळल्यानं क्लोरीन जातो आणि पाण्यात विरघळलेली हवाही जाते. ही हवा राहिली की उघडताना फेस जास्त होतो आणि गॅस बरोबर घेऊन जाते.

(उकळलेलं पाणी पूर्ण गार झाल्याशिवाय सोड्याच्या बाटलीत ओतू नका. दोन बाटल्या कमरेत आखडून वाकड्या झाल्या. साधारण ७० अंशाला हे प्लास्टिक मऊ पडायला लागतं. बाटल्या धुवायलाही कडक पाणी नको.)

२९ मार्च

शहापुरात गोटीसोडा भरणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडं जाऊन बसलो. गोटीची बाटली १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं पेटंट केली. मूळ देशात ती कधीच मागं पडली, आपल्याकडं अजून चालते. भरायची रीत बघण्यासारखी. बाटल्या लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात अडकवतात, गॅस सोडतात आणि पिंजरा गरगर फिरवतात. बाटली उलटी झाली की गोटी तोंडाकडं येते, आतला गॅस तिला रबराच्या कडीवर दाबून धरतो आणि सुलटी केली तरी ती तिथंच राहते. बूच लागत नाही.

दाब चौरस सेंटीमीटरला किती किलो, तसा मोजतात. मी विचारलं, "मामा, किती किलोवर ठेवता?"

"काट्याकडं कशाला बघूलालास? पाण्याला हात लाव की आधी."

टाकीत बर्फाची लादी होती. पण मला त्याहून जास्त कामाची वाटली ती पिंजऱ्याची फिरकी. गॅस पाण्याच्या फक्त पृष्ठभागातून आत शिरतो. बाटली उभी ठेवली तर तो पृष्ठभाग रुपयाएवढा, हलवली तर आतलं सगळं पाणीच पृष्ठभाग होतं. मी नळी तळाशी सोडून बुडबुडे काढत बसलो होतो, त्यापेक्षा बाटली आडवी धरून हलवणं कितीतरी बरं.

काचेच्या बाटल्या घरी भरायचा विचार मामांनीच मोडला. त्यांच्या पिंजऱ्याची जाळी शोभेसाठी नाही, बाटली फुटते म्हणून आहे. घरी फक्त प्लास्टिकची बाटली, तीही कोल्ड्रिंकची. साध्या पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, बूड फुगून बाहेर येतं आणि बाटली उभीच राहत नाही.

३ एप्रिल

सोडा-सत्वाला कंटाळलो. प्रत्येक लिटरला तीन बाटल्या धुवायच्या, निम्मा गॅस जोडणीतच राहतो, आणि खर्च लिटरला बारा रुपयांच्या आसपास. त्यात बाजारचा सोडा येतो. सिलिंडर घ्यायचं ठरवलं.

उद्यमबागेत कार्बन डायऑक्साइडला तोटा नाही. फाऊंड्रीत कोअरच्या (साच्यात पोकळीसाठी बसवायच्या गाभ्याच्या) वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून वरून हाच गॅस सोडतात, वाळू लगेच कडक होते. वेल्डिंगलाही लागतो. ओळखीच्या फाऊंड्रीतून जुना सिलिंडर फुकट मिळत होता, तो घेतला नाही. कोअरला लागणाऱ्या गॅसात तेल किती, ओल किती, हे कोण बघतंय? आणि असा सिलिंडर आतून काय काय पिऊन बसलेला असतो ते वरून कळत नाही. पेयासाठीचा गॅस ९९.९ टक्के शुद्ध आणि बाकी अंशांना मर्यादा, असा वेगळा मिळतो. गॅसच्या दुकानात "कुड्याक?" (प्यायला?) असं कन्नडमध्ये विचारलं, मी "हौद्री" (होय) म्हटलं, मग सोडा कारखान्यांना जातो त्यातला ५ किलोचा सिलिंडर काढून दिला. वापरलेला, दाबाच्या टेस्टचा शिक्का ताजा, गॅससकट ४,२०० रुपये. घरी आणल्यावर आई म्हणाली, "आणि एक सिलिंडर? एक हाय तो पुरंना झालाय काय?"

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि भिंतीला साखळीनं बांधायचा. आडवा झाला तर आतला द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. खिडकी उघडी पाहिजे, हा गॅस हवेच्या दीडपट जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साठत जातो. आणि ऊन नको. २० अंशाला सिलिंडरच्या आत ५७ बारच्या (एक बार म्हणजे जवळपास एक किलो दाब) आसपास दाब असतो, ३० अंशाला ७० च्या वर.

७ एप्रिल

रेग्युलेटरमध्ये १,६०० रुपये वाया गेल्यात जमा. दुकानात "सीओटूचा रेग्युलेटर" मागितला, त्यांनी वेल्डिंगचा दिला. त्यावर काचेच्या नळीत गोळी वर-खाली होते, मिनिटाला किती लिटर गॅस वाहतोय ते दाखवते. आपल्याला वाहतं नको आहे, दाब धरून ठेवायचा आहे. बंद बाटलीला तो जोडला तर गोळी तळाला बसते आणि बाटलीत किती दाब गेला ते समजायला मार्ग नाही. वापरलेला परत घेत नाहीत. शेजारच्या वेल्डरनं ९०० ला घेतला.

पाहिजे तो दोन काट्यांचा. एक काटा सिलिंडरचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या दाबाचा, ० ते ७ किलोपर्यंत बारीक खुणांचा. जास्तीचा दाब सोडून देणारा सेफ्टी वॉल त्यावर आहे का ते बघून घ्या. २,३०० रुपये.

१० एप्रिल

सकाळी सिलिंडर रिकामा. रात्री मुख्य वॉल बंद केला नव्हता आणि रेग्युलेटरच्या बुडातला नायलॉनचा वॉशर चेपलेला होता. कानाला आवाज येत नव्हता, एवढी बारीक गळती, तरी सगळा गॅस गेला. रिफिलचे ४५० आणि अर्धा दिवस. वॉशर पाच रुपयांचा.

तेव्हापासून रेग्युलेटर काढला की नवा वॉशर, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस, आणि काम झालं की मुख्य वॉल बंद. सिलिंडरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आत थेंबभर द्रव असेपर्यंत तो तोच आकडा दाखवतो आणि मग एकदम पडतो. गॅस किती उरलाय ते वजन करूनच कळतं. रिकामं वजन सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं असतं.

१३ एप्रिल

आता पितळेचं. सिलिंडरची नळी बाटलीला जोडायला माझेच निप्पल वापरले. रात्रभर फ्रीजमध्ये आडव्या राहिलेल्या बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं तर नाणं चघळल्याची चव. सोड्याचं पाणी आंबट असतं, ते पितळेतलं तांबं ओढून घेतं. थोडं वाटलं तरी पोटात जायला नको, सगळं पाणी ओतून दिलं. जिथं सोडा लागणार तिथं पितळ, तांबं, साधं लोखंड काहीच नको. कोरडा गॅस जातो तिथं, म्हणजे रेग्युलेटरला, पितळ चालतं.

मग टायरचा प्रयोग. ट्यूबलेस टायरचा वॉल झाकणात बसतो, ११.५ मिलीमीटरचं भोक पाडायचं. पंक्चरवाल्याकडची हवेची पिन नळीला लावली की काम झालं, सगळं मिळून शंभराच्या आत. दाब उत्तम धरतो. पण बाटली हलवली की पाणी त्या काळ्या रबराला लागतं आणि सोड्याला टायरचा वास येतो. शेवटी स्टेनलेस स्टीलची कार्बोनेशन कॅप (गॅसच्या नळीची पिन जोडता येते असं बाटलीचं झाकण) मागवली, ४८० रुपये. ही आधीच घेतली असती तर लेथवरचे सगळे उद्योग वाचले असते.

१८ एप्रिल

आज पहिल्यांदा शेजारच्यांनी दुकानातला आणि घरचा सोडा वेगळा ओळखला नाही. जी रीत बसली ती सविस्तर लिहितो.

उकळून गार केलेलं पाणी रात्रभर फ्रीजमध्ये. सव्वा लिटरच्या बाटलीत एक लिटरच भरायचं, वरची जागा हलवायला लागते. मग झाकण लावायच्या आधी बाटली दाबून पाणी तोंडापर्यंत आणायचं, आतली हवा पूर्ण बाहेर, आणि तशीच दाबलेली असताना कॅप घट्ट करायची. ही पायरी मी बरेच दिवस वगळत होतो. आत हवा राहिली तर काटा २ किलो दाखवतो, पण त्यातला वाटा हवेचाही असतो आणि पाणी धरतं ते फक्त कार्बन डायऑक्साइडच्या वाट्यापुरतं.

रेग्युलेटर २ किलोवर. पिन लावली की चेपलेली बाटली टणकन फुगते. पिन तशीच ठेवून बाटली आडवी धरायची आणि जोरात हलवायची. रेग्युलेटरमधून करकर आवाज येतो, तो गॅस आत जातोय त्याचा. आवाज मंदावत मंदावत थांबला की पाण्यानं पाहिजे तेवढा घेतला. गार पाण्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. पिन काढून बाटली पुन्हा फ्रीजमध्ये, तास-दोन तास हात लावायचा नाही. लगेच उघडली तर हलवलेली बाटली उघडल्यावर जे होतं तेच होतं.

४ अंशाला २ किलोवर लिटरमागं साडेआठ ग्रॅमच्या आसपास गॅस बसतो. तेच पाणी ३० अंशाचं असेल तर पावणेचार. नुसता सोडा प्यायचा तर २ किलो पुरे. सरबतात मिसळायचा असेल तर अडीच, कारण पाकानं तो पातळ होणार.

अडीचवर भरलेली बाटली उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पाणी ३५ अंशाला गेलं की आतला दाब साडेसहा किलोच्या आसपास जातो. कोल्ड्रिंकची नवी बाटली तेवढं सोसते, पण सारखी वापरून चरे पडलेली बाटली सोसेल याची खात्री मी देणार नाही. चरा किंवा पांढरी रेघ दिसली की बाटली भंगारात.

२१ एप्रिल

पन्हंच थेट भरून बघितलं. बाटली उघडली आणि निम्मं पन्हं ओट्यावर, थोडं छताला. कैरीच्या गराचा प्रत्येक रेषा म्हणजे बुडबुड्याला सुटायला जागा. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळलं तरी ओटा पुसावाच लागला. गुळाऐवजी साखर घातली तर फेस जरा कमी, पण गुळाशिवाय पन्हं वहिनीला चालत नाही, आणि मलाही.

म्हणून सरबत बाटलीत भरायचंच नाही. पन्ह्याचा घट्ट पाक करून गार करायचा, ग्लासात एक भाग पाक आणि वरून चार भाग सोडा, ग्लास तिरका धरून कडेनं. ढवळायचं नाही, सोडा पडतानाच मिसळतो. पाक कोमट असेल तर भरलेला गॅस तिथंच जातो, म्हणून पाकही फ्रीजमध्येच.

मीठ-मसाल्याचंही तेच. ग्लासातल्या सोड्यावर सैंधव भुरभुरलं की फेस उसळतो, बघायला मजा येते, पण दोन मिनिटांत सोडा मेलेला असतो. मीठ आणि जिऱ्याची पूड आधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्या. लिंबू विजापूरकडच्या इंडीचं, रस भरपूर निघतो. जांबोटीकडून रातांबे आलेत, त्यांचं आगळ मात्र सोड्यात सगळ्यात छान बसतं. गर नाही, मीठ आधीच विरघळलेलं, रंग तर विचारू नका. माझं मत विचाराल तर पन्ह्यापेक्षा हेच.

२५ एप्रिल

हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं-सोडा, आगळ-सोडा. सोडा कमी पडला नाही, फ्रीज कमी पडला. डाळीची पातेली आत गेल्यावर बाटल्या बाहेर आल्या आणि शेवटच्या बायकांना मऊ सोडा मिळाला. शिवाय मोठी बाटली निम्मी झाली की उरलेला सोडा उतरतो, मोकळी जागा वाढते आणि गॅस तिथं जाऊन बसतो. पाहुणे थोडे-थोडे येणार असतील तर ६०० मिलीच्या बाटल्या भरा, एक उघडली की संपवा.

५ मे

गल्लीतल्या मंडळानं शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला बघायला येणाऱ्यांसाठी आगळ-सोडा ठेवायचा म्हणून सांगितलं. फ्रीजवर भागणार नव्हतं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फोडली, मोठ्या टपात बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ, त्यात भरलेल्या बाटल्या बुडवून ठेवल्या. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फ-पाण्यात बाटली लवकर गार होते, पाणी सगळीकडून चिकटतं. मीठ फार घातलं तर बाटलीतल्या पाण्याचा बर्फ होतो. टपाच्या बुडाच्या बाटल्यांत झाला, त्या तशाच बाजूला ठेवून दिल्या. गोठताना गॅस बाहेर येतो आणि उघडल्यावर कारंजं.

सलग भरताना रेग्युलेटरवर बर्फ धरला आणि दाब वर-खाली व्हायला लागला. गरम पाणी ओतायला एक पोरगा निघाला होता, त्याला थांबवलं. चार-पाच बाटल्यांनंतर थोडं थांबलं की आपोआप सुटतो.

मिरवणूक पहाटेपर्यंत चालते हे ठाऊक असून बर्फ एकदाच आणला होता. दोन वाजता टपात नुसतं पाणी. तिथून पुढं लिंबू सरबत.

८ मे

हिशोब. सिलिंडर ४,२००, दोन्ही रेग्युलेटर मिळून विक्री वजा जाता ३,०००, गळून गेलेला गॅस ४५०, कॅप ४८०, नळी, क्लिपा, वॉशर ३०० च्या आत. टायरचा वॉल आणि सोडा-सत्वाच्या काळातलं मिळून आणखी सहाशे असतील. नीट सुरुवात करणाऱ्याला साडेसात हजारांत जमावं. गॅसचा खर्च धुऊन-सांडून लिटरला दीड रुपयाच्या खालीच आहे. वर्षाला पाच-दहा बाटल्याच लागत असतील तर या फंदात पडू नका, दुकानातून आणा.

सिलिंडर आज तोलला, १ किलो ८०० ग्रॅम गॅस शिल्लक. खांद्यावरचा टेस्टचा शिक्काही पुन्हा वाचून वहीत उतरवून ठेवला. पाच वर्षांनी दाबाची तपासणी करून नवा शिक्का मारून घ्यावा लागतो, तारीख उलटली तर भरणारे हात लावत नाहीत. तुम्ही जुना सिलिंडर घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी तो शिक्का बघा. रंग नवा असतो, शिक्का जुना निघतो.